आरेच्या आडवाटा आणि सायकल

गावाकडचा माणूस मुंबईला गेला की नातेवाईक त्याला राणीची बाग, गेटवे, चौपाटी आणि महालक्ष्मीचे देऊळ दाखवतात. दोन दिवसांत त्याचे डोके भणाणते आणि कधी एकदा एस.टी. गाठतो असे त्याला होते. अशा माणसाला मी सांगतो, मुंबईत एक सकाळ राखून ठेवा आणि पश्चिम रेल्वेच्या गोरेगाव स्टेशनावर उतरा. पूर्वेला बाहेर पडून द्रुतगती महामार्ग ओलांडला की आरे वसाहत लागते. तिथे गोठे आहेत, चाऱ्याचे मळे आहेत, पावसाळ्यात भाताची खाचरे आहेत आणि बिबट्याही आहे. जमेल तर ही सकाळ सायकलवर काढा. पायी गेलात तर निम्मेही पाहून होणार नाही आणि मोटारीतून गेलात तर काहीच दिसणार नाही.

माझी सारी नोकरी शेतकऱ्यांच्या बांधावर गेली. त्यामुळे कुठेही गेलो तरी डोळा आधी पिकाकडे, मग जनावराकडे आणि नंतर वाटेकडे जातो. आरे पाहताना या तिन्ही गोष्टी एकत्र भेटल्या. म्हणून घरच्या सर्वांना वाचता येईल असे हे टिपण लिहीत आहे.

म्हशींसाठी वसवलेले गाव

आधी हे गाव कसे वसले ते पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती भराभर वाढली आणि दुधाची टंचाई झाली. तेव्हा शहरातच गल्लोगल्ली तबेले होते. दाट वस्तीत शेणमुताचा चिखल, माश्या आणि रोगराई. दुधात पाणी किती आणि पाण्यात दूध किती हे कोणी सांगू शकत नसे. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे बाहेरून आणलेली जातिवंत म्हैस दूध देईपर्यंत ठेवायची आणि आटली की खाटकाला द्यायची, असा व्यवहार होता. गाभण राहून पुन्हा व्याली असती अशी कितीतरी चांगली जनावरे एका वेताच्या दुधासाठी संपत होती.

यावर उपाय काढणाऱ्यांत दारा खुरोडी हे नाव आधी घ्यावे लागते. ते मुंबई सरकारचे दूध आयुक्त होते. म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळून 'टोन्ड' दूध तयार करण्याची पद्धत त्यांच्याच काळात, १९४६ साली मुंबईत सुरू झाली. गरिबाला परवडेल असे दूध त्यातून मिळू लागले. शहरातले तबेले बाहेर काढून एका ठिकाणी, मोकळ्या हवेत आणि देखरेखीखाली आणायचे ही योजनाही त्याच काळातली. १९४९ साली आरे दूध वसाहत स्थापन झाली. मार्च १९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू येथे आले आणि त्यांच्या हस्ते रोप लावून वसाहतीचे उद्घाटन झाले. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने या कामी मदत केली. त्या देशाच्या नावाचे वसतिगृह आजही आरेत आहे. पुढे १९६३ साली खुरोडी यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आणंदचे त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन हे त्या पारितोषिकात त्यांचे भागीदार होते.

वसाहतीचे क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांहून अधिक. त्यात बत्तीस गोठे-समूह असून त्यांना 'युनिट' म्हणतात. सुमारे सोळा हजार जनावरांची सोय, म्हणजे एका युनिटात सरासरी पाचशे. गोठे सरकारचे, म्हशी मालकांच्या, आणि मालक परवाना घेऊन ठरलेली फी भरणार अशी व्यवस्था. वैरण न्यायची, शेण उचलायचे, दुधाचे कॅन डेअरीत पोचवायचे, म्हणजे रस्ते आलेच. आरेचे आतले रस्ते हे असे जनावराच्या गरजेतून आखले गेले. दोन बाजूंना झाडे लावली, मोकळ्या जागी गवत लावले, फिरायला येणाऱ्यांसाठी 'छोटा काश्मीर' नावाची बाग केली. बिमल रॉय यांच्या १९५८ च्या 'मधुमती' चित्रपटातला काही भाग याच झाडीत घेतलेला आहे. पडद्यावर पाहणाऱ्याला तो हिमालयाचा पायथा वाटला असेल, पण होती आपली मुंबईच.

आज मुंबईला लागणारे दूध मुख्यतः कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आणि गुजरातेतून येते. म्हणजे तुमच्या-आमच्या गोठ्यातून. आरेचा वाटा त्यात लहान उरला आहे. पण गोठे चालू आहेत आणि रस्तेही आहेत.

काळी सायकल आणि नवी सायकल

माझा भाचा गोरेगावला नोकरीला असतो. त्याने एक सायकल घेतली आहे. तिचे हँडल वाकडे, गिअर अनेक, टायर जाडसर आणि किंमत विचारू नये अशी. तो म्हणाला, "मामा, ही ग्रॅव्हल सायकल आहे. खडीच्या, मुरमाच्या वाटेवर चालवायची." मी टायरवरचा आकडा वाचला. चाळीस मिलिमीटर. मला हसू आले. आपल्या गावचा दूधवाला ज्या काळ्या सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून चिखलातून यायचा, तिच्या टायरवर '२८ गुणिले दीड इंच' असे लिहिलेले असते. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. टायर फुगला की चाळीस धरा. अ‍ॅटलासची सायकल १९५१ पासून सोनीपतला आणि हीरोची १९५६ पासून लुधियानाला बनू लागली. तेव्हापासून आपला शेतकरी ग्रॅव्हल सायकलच चालवत आला आहे. नाव ठाऊक नव्हते एवढेच.

जाड टायरचे शास्त्र सोपे आहे. टायर रुंद असला की त्यात हवा थोडी कमी ठेवता येते. हवा कमी असली की खडा टायरमध्ये दबतो आणि चाक उसळत नाही. बारीक, कडक टायर डांबरावर पळतो, पण मुरमावर घसरतो. भुसभुशीत शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली हवा आपण कमी करतो ती याच कारणाने.

परदेशात या कच्च्या वाटांचे मोल लोकांना अलीकडे फार कळले आहे. इटलीत तस्कनी नावाचा द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. तिथल्या शेतांमधून पांढऱ्या खडीचे जुने रस्ते जातात. ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले तेव्हा गायोले या गावी १९९७ साली काही लोकांनी जुन्या सायकली घेऊन त्या रस्त्यांवरून फेरी काढली. पहिल्या वर्षी शंभराच्या आतच माणसे होती. आज तिला जगभरातून हजारो लोक येतात आणि ते पांढरे रस्ते तसेच राहावेत याला गावांचाच पाठिंबा असतो, कारण येणारा माणूस गावात जेवतो, राहतो आणि द्राक्षमळेवाल्याकडून चार वस्तू घेऊन जातो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून अशीच एक शर्यत होते. दोनशे मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर, आणि सारी वाट गुरांच्या चराऊ कुरणांमधून. तिथे कुरणाच्या मालकाला कच्चा रस्ता कमीपणाचा वाटत नाही.

गवत, शेण आणि पाडे

आता आरेत शिरू. थंडीतल्या रविवारी, उजाडल्यावर आम्ही दोघे निघालो. भाच्याने माझ्यासाठी शेजाऱ्याची साधी सायकल मागून आणली होती. गोरेगावकडून मरोळ आणि पवईकडे जाणारा जो मोठा रस्ता आहे त्याला दिनकरराव देसाई मार्ग म्हणतात. सायकलवाल्याने त्याच्यावर रेंगाळू नये. पश्चिम उपनगरातून पूर्वेकडे जायची ती जवळची वाट असल्याने मोटारी, रिक्षा, मोटारसायकली यांची रीघ असते. पण त्याला फुटणाऱ्या आडरस्त्यांवर वळलात की दोनशे पावलांत हॉर्न मागे पडतो. कुठे डांबर उखडून खडी वर आलेली, कुठे नुसता मुरूम, कुठे गवतातून गेलेली पायवाट. सायकलचा वेग आपोआप बैलगाडीच्या दुडकीवर येतो आणि मग सारे दिसू लागते.

पहिल्यांदा नजर गेली ती गवतावर. सखल, पाणथळ जागी कमरेएवढे हिरवेगार पॅरा गवत उभे होते. ज्यांच्याकडे विहिरीच्या सांडपाण्याची किंवा पाटाच्या पाझराची पडीक दलदल आहे त्यांनी या गवताकडे जरूर पाहावे. बियाणे लागत नाही. कांड्या लावल्या की पेरातून मुळे फुटतात. पहिली कापणी सुमारे अडीच महिन्यांनी येते आणि पुढे पस्तीस ते चाळीस दिवसांनी कापणी मिळत राहते. गोठा धुतलेले पाणी त्याला मानवते. आरेत याच हिशेबाने ते लावले गेले. गोठ्यातले पाणी मळ्यात आणि मळ्यातले गवत गोठ्यात, असे ते चक्र आहे.

हे चक्र जिथे तुटते तिथले दृश्य मात्र शेतकऱ्याला पाहवत नाही. मोठी म्हैस दिवसाला पंधरा किलो शेण सहज टाकते. सोळा हजार जनावरांचे किती झाले? दोनशे चाळीस टन. म्हणजे रोज चोवीस मालमोटारी भरून. यातले जे मळ्यापर्यंत पोचत नाही ते नाल्यात वाहते आणि नाले जातात मिठी आणि ओशिवरा या नद्यांना. एका युनिटापाशी एक गवळी भेटले. मूळचे उत्तर प्रदेशातले, पण मराठी चांगले बोलणारे. मी विचारले, "भाऊ, हे शेण शेतकऱ्याला का देत नाही?" ते म्हणाले, "साहेब, शेतकरी इथून लांब आणि गाडीभाडं शेणापेक्षा महाग." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तुमच्या गावात उकिरडा आणि शेत यांच्यात चार बांधांचे अंतर असते ही केवढी सोय आहे, हे मुंबईत कळते.

पुढे वाट पाड्याकडे वळते. आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत असे सांगतात. केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, प्रजापूरपाडा, जीवाचा पाडा, वणीचा पाडा अशी त्यांची नावे. वस्ती मुख्यतः वारल्यांची, शिवाय कोकणा आणि मल्हार कोळी. दूध वसाहत वसण्याच्या आधीपासून ही मंडळी इथली. पावसाळ्यात उतारावर थोडे भात, घराभोवती वेली आणि फळझाडे. पहिल्या पावसात शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या निघतात. बाया त्या बाजारात नेऊन विकतात. वाघोबाची देवळी येथे आहे आणि तिची पूजा होते. ज्या रानात आपण राहतो ते रान ज्याचे आहे त्याला नमस्कार करून राहावे, असा त्यामागचा सरळ अर्थ.

एका पाड्याच्या तोंडाशी एक आजी डोक्यावर लाकडे घेऊन येत होत्या. वाट जेमतेम दोन हात रुंद. आम्ही उतरून सायकली गवतात घेतल्या. आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही उतरलात, बरं झालं. कोनी कोनी घंटी वाजवत र्‍हातात." मी विचारले, "आजी, सायकलवाल्यांचा त्रास होतो का?" त्या म्हणाल्या, "हळू येतात ते चांगले. दोन शब्द बोलतात, पानी मागतात. जोरात येतात त्यांची भीती वाटते, पोरं वाटेवरच खेळतात ना. आन इचारल्याबिगर घराचे फोटू काढतात, ते नाय आवडत." थोडे थांबून पुन्हा म्हणाल्या, "वाट काय आमच्या बापाची नाय. पन आमच्या पायानं पडलेली हाय."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतले. वाट सरकारी नकाशावर असो वा नसो, कोणाच्या तरी पायाने पडलेली असते. तिच्यावर मागाहून येणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

बिबट्याचे वेळापत्रक

आरेला लागूनच उत्तरेकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्याला सरहद्द वाचता येत नाही. तो दोन्हीकडे फिरतो. २०२१ च्या पावसाळ्याअखेर आरेत माणसांवर बिबट्याचे अनेक हल्ले झाले होते. घाबरून जायचे कारण नाही, पण नियम पाळावेत. उजाडल्याशिवाय आत शिरू नये आणि दिवे लागायच्या आत बाहेर पडावे. एकट्याने जाऊ नये. लहान मुलाला मागे किंवा पुढे एकटे सोडू नये. वाटेत बसून खाल्लेच तर उरलेले टाकू नये, कारण उष्ट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. जुन्नर आणि संगमनेरकडच्या ऊसवाल्यांना हे सांगायला नको. ते रोजच त्याच्या शेजारी राहतात. आणखी एक. उन्हाळ्यात येथे गवत वाळलेले असते आणि वणवे लागतात. विडीचे थोटूक टाकणाऱ्याला सोबत नेऊ नये.

ज्यांना बायका-मुलांसह अगदी निर्धास्त फिरायचे आहे त्यांनी बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून जावे. तिथे सायकली भाड्याने मिळतात आणि झाडीतून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाता येते.

वाट कशी जाते

आरेत फिरताना एक प्रश्न मनात घर करून राहतो. मुंबईसारख्या शहराच्या पोटात एवढी जमीन उरली कशी आणि यापुढे उरेल का? वसाहत झाली तेव्हापासून तिचे तुकडे वेगवेगळ्या कामांना गेले आहेत. १९७७ साली शेजारीच चित्रनगरी उभी राहिली. त्यापुढचा मोठा वाद मेट्रोच्या गाडीतळाचा. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाभोवती संवेदनशील पट्टा जाहीर झाला, त्यातून आरेची १६५ हेक्टर जमीन वगळण्यात आली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. पुढे २०२० साली गाडीतळ कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२१ साली आरेतील सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वनखात्याकडे गेली आणि २०२२ साली गाडीतळ पुन्हा आरेतच करण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मेट्रोचा पहिला टप्पा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मार्ग सुरू झाला.

धरण, कालवा किंवा महामार्ग यासाठी ज्यांची जमीन गेली आहे त्यांना या साऱ्यात नवीन काही वाटणार नाही. मेट्रोने लाखो लोकांची सोय होते हे खरे. गेलेली झाडे परत येत नाहीत हेही तितकेच खरे. मला येथे सांगायचे आहे ते उरलेल्या जमिनीविषयी. जमीन एकदम जाते तेव्हा आरडाओरडा होतो. वाट मात्र हळूहळू जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. आधी ती रुंद होते, मग डांबरी होते, मग तिच्यावरून जवळचा रस्ता म्हणून मोटारी पळू लागतात आणि शेवटी ज्यांच्या पायाने ती पडली त्यांनाच कडेकडेने जीव मुठीत धरून चालावे लागते. दिनकरराव देसाई मार्गाचे तेच झाले आहे. गोठ्याकडे जाणारा रस्ता शहराचा बोळ झाला.

मग सायकलींसाठी वेगळा मार्ग बांधावा का? हा विचारही तपासून घ्यायला हवा. आरेच्या शेजारीच पवई तलाव आहे. महापालिकेने त्याच्या काठाने, दगड भरलेल्या जाळ्या टाकून सायकलमार्ग बांधायला घेतला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास खर्चून केलेल्या सायकलमार्गावर पुढे मोटारी उभ्या राहू लागल्या. त्या मानाने तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने, मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा मार्ग करण्याची महापालिकेची कल्पना मला शहाणपणाची वाटली. ती पट्टी पाइपाच्या देखभालीसाठी आधीपासून राखलेली आहे, तिच्यावर रहदारी नाही आणि नवी जमीन मोडावी लागत नाही.

यातून धडा असा की सायकलला नवीन रस्ता लागतोच असे नाही. असलेला शांत रस्ता शांत ठेवला तरी पुरते. एका टोकाला दोन दगडी खांब रोवून मोटार अडवायची, सायकल आणि म्हैस जाऊ द्यायची. खर्च दोन पोती सिमेंटचा.

आपल्या गावची पाणंद

आता तुमच्या गावाकडे येतो, कारण हे सारे सांगण्याचा हेतू तोच आहे. आरेच्या वाटा पाहायला माणसे पहाटे उठून येतात. तशा वाटा आपल्या प्रत्येक गावात आहेत. पाणंद, शिवरस्ता, पाटकडेची वाट, गायरानातली गाडीवाट. त्यांची आपण काय दशा केली आहे? दोन्ही बाजूंचा शेतकरी दर वर्षी एक तास नांगर आत घालतो आणि वीस वर्षांत पाणंदीची सरी होते. मग ऊस बाहेर काढायचा म्हटला की भावाभावांत डोकी फुटतात.

तलाठ्याकडे गावचा नकाशा मागून पाहा. दुहेरी तुटक रेषा असेल तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा असेल तो पायमार्ग, सव्वाआठ फूट. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून वाट मागता येते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. २०२५ साली शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याचे शासनाने ठरवले. ही नोंद करून घ्यायला आळस करू नका. तोंडी वाट नातवाच्या काळात टिकत नाही.

वाट मोकळी झाली की ती नीट ठेवणेही आलेच. मुरमाची वाट मधोमध कासवाच्या पाठीसारखी किंचित उंच हवी, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरते. दोन्ही कडांना चर हवेत आणि पावसाळ्याआधी ते उकरलेले हवेत. ओल असताना चिखलणीची लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर वाटेवर आणू नये. एका फेरीत तो वर्षाची मेहनत उखडतो. कडेला करंज, जांभूळ, चिंच लावावी. वाट सावलीत असली की माणूस चालतो आणि माणूस चालत असला की वाट राहते.

अशा वाटेचा पहिला लाभ कोणाला होईल? शाळेच्या मुलींना. मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली दिल्या जातात. सायकल आली, पण वस्तीवरून शाळेकडे जाणारी पाणंद काट्यांनी बुजलेली असेल तर त्या पोरीला हायवेने, ट्रकच्या कडेने जावे लागते. मग घरचे म्हणतात, नको शाळा. सायकल पडवीत गंजते आणि पोरगी घरी बसते. तेव्हा पाणंद उघडणे हे नुसते उसाच्या गाडीचे काम नाही. एका मुलीच्या दहावीचा प्रश्न त्या वाटेत अडकलेला असू शकतो.

म्हणून मुंबईला जाल तेव्हा आरे पाहून या. पाण्याची बाटली, पंक्चरचे सामान आणि टोपी बरोबर घ्या. पाड्यातून जाताना उतरून चाला आणि फोटो काढायचा तर आधी विचारा. पॅरा गवताच्या कांड्या पाहा आणि आपल्या पाणथळ तुकड्यात ते येईल का याचा हिशेब करा. आणि गावी परतल्यावर येत्या ग्रामसभेत पाणंदीचा विषय कागदावर घेऊन जा. पावसाळ्याआधी चर निघाले पाहिजेत.